मोंतारेलच्या किल्ल्याचा एक तास

गेल्या पंधरा ऑगस्टला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, मोंतारेलचा किल्ला पडला. कास्तीलचं एकतीस जणांचं सैन्य मुख्य दरवाजातून आत आलं, रक्ताचा थेंबही न सांडता त्याने सगळा किल्ला ताब्यात घेतला, आणि किल्लेदाराच्या विजयानिमित्त शिजवलेला मेंढीचा रस्सा पावासकट संपवला.

असं काहीही झालेलं नाही.

पंचायतीच्या इतिवृत्तात स्वच्छ नोंद आहे: ‘सालाबादप्रमाणे किल्ल्याचं यशस्वी रक्षण करण्यात आलं.’ ही नोंद पंचायतीचा कारकून आणि यंदाचा किल्लेदार एवारिश्तो फालेरो याच्या वळणदार अक्षरात आहे. खाली अध्यक्षांची सही आहे, शिक्का आहे, आणि रश्श्याचा एक डाग आहे. तो डाग कसला, याबद्दल इतिवृत्त गप्प आहे.

तेव्हा जे झालंच नाही ते सविस्तर सांगायला हरकत नसावी.

सन तेराशे अठ्ठ्याण्णवमध्ये कास्तीलचं, म्हणजे आजच्या स्पेनमधलं, सैन्य सरहद्दीवरची नदी ओलांडून आलं, मोंतारेलला एकोणीस दिवस वेढा घालून बसलं आणि विसाव्या दिवशी उठून गेलं. का गेलं ते कुठेच लिहिलेलं नाही. गावाने आपल्यापुरता निष्कर्ष काढला की आपण जिंकलो. तेव्हापासून दर ऑगस्टच्या सणाला गावकरी अंगावर चिलखतं चढवून किल्ला राखतात, आणि नदीपलीकडच्या वाल्देसेरो गावची मंडळी कास्तीलचं सैन्य होऊन येतात, हरतात, जेवतात आणि पुलावरून परत जातात. वाल्देसेरो स्पेनमध्ये येतं, याला तिथल्या लोकांचा इलाज नाही. हरायला मात्र ती माणसं दरवर्षी वेळेवर येतात. शेजारधर्म म्हणजे याहून वेगळं काय असतं?

एवारिश्तोचे वडील फिर्मीनो हे सलग बावीस वर्षं किल्लेदार होते. बावीस वेढे, बावीस विजय. खऱ्याखुऱ्या सेनापतींनाही असा हिशेब दाखवता येत नाही. जानेवारीत ते गेले. शवपेटीवर ध्वज नको, तलवार ठेवा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तलवार पत्र्याची असल्याने पाद्रीबुवांचीही हरकत नव्हती. मार्चमध्ये पंचायतीने किल्लेदारी एवारिश्तोला दिली. वय सेहेचाळीस, उंची बेताची, छाती त्याहून बेताची. पण कागदपत्रात हात धरणारा कोणी नाही.

आता मूळ प्रश्न. वडील गेल्यावर आईचं काय करायचं?

आई म्हणजे दोना एर्मिंदा, वय ब्याऐंशी. एवारिश्तोची थोरली बहीण दियोलिंदा लग्न करून वाल्देसेरोला गेली, त्याला तीस वर्षं झाली. तिचे यजमान अनिसेतो, म्हणजे एवारिश्तोचे दाजी, यांचं तिथे चष्म्याचं दुकान आहे. हेच दाजी दरवर्षी कास्तीलचे सेनापती असतात. सतरा वर्षं ते मोंतारेलच्या दरवाजासमोर एकाच फरशीवर मरत आलेले आहेत. त्या फरशीवर आदल्या दिवशी एक उशी ठेवण्याची पद्धत आहे, कारण त्यांची कंबर धरते. दियोलिंदाचं म्हणणं, आईने आता तिच्याकडे राहावं. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे. एवारिश्तोचं म्हणणं, आईने आपल्या घरी, आपल्या खिडकीत, आपल्या खुर्चीवर राहावं. लिफ्टच्या विरोधात त्याच्याकडे याहून भक्कम मुद्दा नव्हता.

एप्रिलमधल्या एका रविवारी स्वयंपाकघरात दोघं भावंडं यावरून इतकी भांडली की, वाटाणे सोलत बसलेल्या आईने भांडं बाजूला सरकवलं.

“ऑगस्टच्या सणाला बघू,” ती म्हणाली. “एवारिश्तोने किल्ला राखला तर इथे राहीन. नाही राखला तर दियोलिंदाकडे जाईन. आता गप्प बसा, मला मोजता येत नाहीये.”

“आई, वाटाणे कशाला मोजतेस?” दियोलिंदाने विचारलं.

“तुमचं ऐकायला लागू नये म्हणून.”

दियोलिंदा हसली. दाजी हसले. एवारिश्तो हसला नाही. आईने आयुष्यात एकदाही विनोद केलेला त्याला आठवत नव्हता. आणि तसं पाहिलं तर काळजीचं कारणही नव्हतं: किल्ला सहाशे वर्षांत पडलेला नाही, आणि पडणार नाही हे दोन्ही गावांनी आपसात ठरवलेलं होतं. पण ज्या माणसाने वीस वर्षं पंचायतीचं दफ्तर सांभाळलंय, त्याचा तोंडी ठरावावर विश्वास नसतो. एवारिश्तोने एक अगदी छोटंसं काम हाती घ्यायचं ठरवलं. किल्ल्याच्या दरवाजाला कुलूप लावायचं.

वडिलांच्या काळात दरवाजा नुसता लोटलेला असायचा आणि आतून सहा माणसं त्याला पाठ लावून उभी राहायची. त्यातली चार आता सत्तरीच्या पुढची होती. कुलूप दरवाजात होतं. किल्ली पंचायतीच्या काचेच्या कपाटात होती, हातभर लांब. ती बाहेर काढायला पंचायतीच्या कारकुनाकडे अर्ज करावा लागतो. एवारिश्तोने एवारिश्तोकडे अर्ज केला. त्यावर तारीख नव्हती, म्हणून त्याने तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तारीख घालून दिला तेव्हा मंजूर झाला. ओळखीच्या माणसाचं काम झटपट होतं, असं गावात बोललं गेलं, ते त्याला लागलं.

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. मग सल्ले सुरू झाले. औषधवाल्या बाई म्हणाल्या, लिंबू. पाद्रीबुवा म्हणाले, धीर. न्हावी जेफेरीनो, जो वेढ्यात बुरुजावरचा पहारेकरी असतो आणि बाकीचं वर्षभर कोणाचंही काहीही ऐकून घेत नाही, तो म्हणाला, “कुलपाला काय झालंय! तू किल्ली बायकोसारखी धरतोस, भीत भीत. न्हाव्यासारखी धर.” हे सगळं एवारिश्तोची बायको लेओकादिया तिथेच उभी राहून ऐकत होती. तिने घरून ऑलिव्ह तेलाचा डबा आणला आणि अख्खा कुलपात ओतला. तीन दिवसांनी किल्ली फिरली. आवाज असा झाला की किल्ल्यातल्या कपिलेत, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, घंटा वाजवणाऱ्याने टोपी काढली.

इथे थांबला असता तर एवारिश्तो सुखी झाला असता. पण किल्ला हे संरक्षित स्मारक. आपण स्मारकाला तेल लावलं ही गोष्ट त्याला झोपू देईना. त्याने वारसा जपणुकीच्या प्रांतिक कचेरीला स्वतःहून कळवलं, आणि त्याच पत्रात वेढ्याच्या दिवशी दरवाजा बंद करण्याची परवानगी मागितली.

कचेरीने विचारलं, दरवाजाची सध्याची स्थिती काय? त्याने कळवलं, उघडी. कचेरीने कळवलं, स्मारकाच्या नोंदपत्रात दरवाजा ‘उघडा’ असाच नोंदलेला आहे. तो बंद करणं हा स्मारकाच्या स्वरूपातला बदल ठरतो. सबब बंद दरवाजाचा आराखडा जोडावा. एवारिश्तोने पट्टी घेऊन एक आयत काढला आणि पाठवला. कचेरीने उलट टपाली विचारलं की हा आयत आतून आहे की बाहेरून? या प्रश्नापुढे त्याने दोन आठवडे हात टेकले. शेवटी दोन आयत पाठवले.

जुलैच्या अखेरीस परवानगी आली. अटी तीन. एक: दरवाजा दुपारी चार ते सहा याच वेळेत बंद ठेवता येईल, त्याआधी नाही. दोन: बिजागऱ्या जुन्या आहेत, वारंवार हलवू नयेत, म्हणून चारला बंद केलेला दरवाजा सहाच्या आत आगीखेरीज कोणत्याही कारणाने उघडू नये. तीन: किल्ली गावातल्या एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी, त्या व्यक्तीने दरवाजाच्या आतल्या बाजूला पूर्णवेळ बसून राहावं, आणि तिचा कार्यक्रमात सहभाग नसावा.

तिसऱ्या अटीने एवारिश्तोच्या तोंडचं पाणी पळालं. मोंतारेलची वस्ती एकशे बारा. त्यातलं कार्यक्रमात नाही असं कोण? पाद्रीबुवा पाद्री होतात. आजारी माणसं जखमी होतात. गेल्या वर्षी पंचायतीच्या गाढवालाही दोन प्रवेश होते. जी वयाने, स्वभावाने आणि तत्त्वाने सहभागी नव्हती अशी एकच व्यक्ती गावात निघाली.

“मी बावीस वर्षं मेलेल्यांचे कपडे धुतलेत,” आई म्हणाली. “माझा सहभाग नाही.”

“तेच हवंय, आई. तू फक्त बसायचं. किल्ली मांडीवर.”

“आणि अटी काय आहेत?”

त्याने वाचून दाखवल्या. आईने कागद मागून घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला, घडी घातली आणि पदराआड ठेवावा तसा शालीआड ठेवला. एवारिश्तोला बरं वाटलं. कागदाचा मान राखणारी माणसं आता कुठे राहिली आहेत!

एक गोष्ट तेवढी उरली. वेढ्याची वेळ वडील कधी कळवत नसत. फोन करून दाजींना एवढंच म्हणत, “सावलीला या.” बुरुजाची सावली घोड्यांच्या हौदाला लागली की वेढा, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं. सावली नदीच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी सरकते. घड्याळाचं तसं नाही: पलीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर पुढे असतं. ही गोष्ट मोंतारेलमध्ये पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. पण हे काही घरगुती बोलावणं नव्हतं. परवानगीपत्रात आकडा होता. म्हणून एवारिश्तोने रीतसर पत्र लिहिलं, शिष्टाचार म्हणून औषधवाल्या बाईंकडून त्याचं स्पॅनिशमध्ये भाषांतर करून घेतलं, आणि वेळ घातली: सोळा वाजता, म्हणजे दुपारी चार.

पंधरा ऑगस्टला बेचाळीस अंश होते. लेओकादियाने किल्लेदारासाठी राखाडी लोकरीचं चिलखत विणलं होतं आणि त्यावर चंदेरी रंग मारला होता. दहा पावलांवरून ते लोखंड वाटायचं. आतून ते लोकरच वाटायचं. दोन वाजता किल्ल्यात सगळं तयार होतं: तटावर दगड (स्पंजाचे), अंगणात टेबलं, मोठ्या कढईत रस्सा, दरवाजाशी खुर्चीवर आई. खुर्चीखाली तिची एक फुगलेली पिशवी होती.

“यात काय?”

“औषधं.”

“एवढी?”

“वय बघ माझं.”

अडीच वाजता एवारिश्तोने आयुष्यातला पहिला गुन्हा केला. एकदाच, नुसती खात्री म्हणून, त्याने दरवाजा लावून कुलूप फिरवलं. फिरलं! त्याने दाराला हात लावून पाहिला. तीन इंच जाड ओकची फळी, लोखंडी खिळे, आणि मागे आई. यातून कोण आत येणार होतं? चारला पाच मिनिटं कमी असताना उघडून पुन्हा रीतसर बंद करू, असं ठरवून त्याने किल्ली आईच्या मांडीवर ठेवली आणि तो कपिलेच्या मागच्या खोलीत गेला. तिथे गार पाण्याची बादली होती. चिलखतासकट स्टुलावर बसून त्याने पाय त्यात सोडले आणि तटावरचं भाषण पाठ करायला घेतलं. “कास्तीलच्या लोकांनो, परत जा! ही भूमी...” भूमीनंतरचं त्याला दर वेळी अडायचं. बाकीची फौज तोवर तटाच्या सावलीत आडवी झाली होती.

भूमीपाशी तो पाचव्यांदा अडला तेव्हा जेफेरीनो दारात येऊन उभा राहिला. हातात भाला, तोंडात पाव.

“आलेत,” तो म्हणाला.

“कोण?”

“कास्तील.”

“किती लांब आहेत?”

जेफेरीनोने मागे वळून बघितलं. “तुझे दाजी रस्सा वाढून घेतायत.”

एवारिश्तो उठला तो बादलीसकट. एक पाय सुटला, दुसरा अडकला. अशा अवस्थेत, खडखडत, सहाशे वर्षांतला पहिला हरलेला किल्लेदार अंगणात आला. एकतीस स्पॅनिश सैनिक टेबलांवर बसून जेवत होते. दियोलिंदा वाढत होती. दरवाजा सताड उघडा होता, आणि आई खुर्चीवर होती.

“तू बुरुजावर होतास ना?” त्याने जेफेरीनोला विचारलं. “ओरडला का नाहीस?”

“ओरडणार होतो. पण कार्यक्रमपत्रिकेत चार लिहिलंय. म्हटलं, हे दुसरे कोणी असतील.”

“चिलखतं घातलेले? भाले घेऊन? दाजींना तू ओळखत नाहीस?”

“दाजी आहेत हे दिसत होतं रे. पण तीनला ते कास्तील आहेत की पाहुणे, ते मी कसं ठरवायचं? ते तुझं काम.”

दाजी तोंड पुसत उठून आले. मोठं मन असलेला माणूस. चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नव्हता, उलट परीक्षेत चुकून पहिला आल्यासारखा गोंधळ होता. मनगट पुढे करून त्यांनी घड्याळ दाखवलं. चार वाजून चाळीस मिनिटं.

“मेव्हणे, सोळा म्हणालात, सोळाला दारात होतो.”

“दाजी, ते आमचे सोळा!”

“पत्र स्पॅनिशमध्ये होतं. मी म्हटलं, पत्र आमच्या भाषेत, तर वेळही आमचीच. तुमचे वडील ‘सावलीला या’ म्हणायचे, कधी चुकलो? सावली हौदाच्या जवळपासही नव्हती. मी सैन्याला म्हटलंसुद्धा, काहीतरी बिघडलंय. पण शिक्का होता हो पत्रावर!”

शिक्का एवारिश्तोनेच मारला होता. तो आईकडे वळला.

“आई, दरवाजा कोणी उघडला?”

“मी.”

“का?”

“जावईबापू दारात. बेचाळीस अंश. डोक्याला पत्रा बांधलेला. तुझ्या बापानेसुद्धा कुत्रं उभं केलं नसतं अशा उन्हात.”

“पण ते शत्रू आहेत!”

“दार वाजवलं त्यांनी. शत्रू वाजवतो का?” मग तिने शालीआडून कागद काढला. “शिवाय तू गुन्हा केला होतास. चारच्या आधी दरवाजा बंद ठेवायचा नाही, अट एक. मी जबाबदार व्यक्ती आहे.”

एवारिश्तोने आयुष्यात पहिल्यांदाच एखादा कागद शत्रूच्या बाजूला गेलेला पाहिला.

पण अजून सगळं संपलं नव्हतं. चारच्या घंटेला वीस मिनिटं होती. पंचायतीचे अध्यक्ष बाल्ताजार टेकडीच्या पायथ्याशी, देशातल्याच बेजा शहरातून आलेले प्रेक्षक बसमधून उतरवून घेत होते; त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सैन्य गुपचूप बाहेर काढायचं, दरवाजा लावायचा, आणि चारला वेढा सुरू. कोणी बघितलं नाही म्हणजे झालं नाही. एवारिश्तो टेबलाटेबलाने फिरू लागला. पायात बादली होतीच.

“उठा, भाऊ, उठा. बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ नका.”

“कॉफी?” एका भालाईताने विचारलं.

“हरल्यावर!”

“दरवर्षी आधी हरतो आणि मग जेवतो,” दुसरा म्हणाला. “यंदा उलटं झालं. भरल्या पोटी पळता नाही येत हो. थोडं पडू दे.” आणि तो खरोखरच पडला, लढाईत पडावा तसा, टेबलाखाली. पाहता पाहता कास्तीलचं निम्मं सैन्य सावलीत मोंतारेलच्या फौजेशेजारी आडवं झालं. दोन्ही बाजू सारख्याच घोरत होत्या.

चौघं शत्रू त्याने खांद्याला धरून दरवाजापर्यंत नेले असतील नसतील, तोच कपिलेवर घंटा वाजली. चार. आई उठली, दोन्ही हातांनी दरवाजा लोटला आणि किल्ली फिरवली.

“आई! दोन मिनिटं! शत्रू आत आहे!”

“चार म्हणजे चार.”

“उघड!”

“आग लागलीय का?”

एवारिश्तोने आजूबाजूला पाहिलं. आग लागली नव्हती. इतकी सोयीची गोष्टही त्या दिवशी झाली नाही.

मग बाहेरून आवाज यायला लागले. अध्यक्ष बाल्ताजार दोनशे प्रेक्षक घेऊन वर आले होते. प्रेक्षकांना बसायची सोय आतल्या अंगणात, सावलीत, थंड पाण्यासह, असं पत्रिकेत छापलेलं होतं. दार बंद. समोर वेढा घालायला कोणी नाही. बाल्ताजारांनी काठीने दार ठोकलं.

“एवारिश्तो! कास्तील कुठंय?”

एवारिश्तो तटावर चढला. चिलखताची लोकर घामाने भिजून गुडघ्यापर्यंत ताणली गेली होती. खाली दोनशे चेहरे त्याच्याकडे वर बघत होते, बहुतेक पेन्शनीत निघालेले. बाकी काही सुचेना, म्हणून त्याने पाठ होतं ते म्हटलं.

“कास्तीलच्या लोकांनो, परत जा!”

“आम्ही बेजाचे आहोत!” छत्री घेतलेली एक बाई खालून ओरडली. “सकाळी सातला निघालोय!”

“ही भूमी...” एवारिश्तो म्हणाला, आणि अडला.

“भूमी राहू द्या, पाणी आणा!”

याच्यापुढे जे घडलं ते कोणत्याही पत्रिकेत नव्हतं. बेजाच्या पेन्शनरांनी दाराला खांदे लावले. कोणीतरी ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लागलं. दार हलायला लागलं आणि बिजागऱ्या कण्हल्या. आत आईने मान वर करून एवढंच विचारलं, “हे कोण?”

तेव्हा दाजींनी शिरस्त्राण डोक्यावर चढवलं. सतरा वर्षं दरवाजाच्या चुकीच्या बाजूला मेलेल्या त्या माणसाने आतल्या बाजूला पाहिलं: सासूबाई एकट्या, आणि समोर थरथरणारं दार. “वाल्देसेरो!” तो गरजला. “उठा! पाठी लावा!” एकतीस कास्तीलवाले उठले, चोवीस मोंतारेलवाले उठले, आणि पंचावन्न पाठी एका दरवाजाला लागल्या. तटावरून स्पंजाचे दगड सुटले. जेफेरीनोने वरून बादली उपडी केली. एवारिश्तोच्या पायातली शेवटी तिथे कामी आली. खाली पाण्याचा एकच फवारा बसताच बेजाची मंडळी आनंदाने किंचाळली आणि “आणखी! इकडे, इकडे!” म्हणत पुन्हा चाल करून आली. असा हल्ला मोंतारेलने तेराशे अठ्ठ्याण्णवमध्येही पाहिला नसेल. पावणेदोन तास किल्ला लढला. मधेच दाजी सवयीने त्यांच्या वेळेला मरून पडले. त्यांना कोणीही मारलं नव्हतं, आणि उशी दाराबाहेर राहिली होती.

सहाची घंटा झाली. आईने किल्ली फिरवली, दरवाजा उघडला, आणि ओलेचिंब दोनशे लोक टाळ्या वाजवत आत आले. छत्रीवाल्या बाईंनी एवारिश्तोचा हात हातात घेऊन सांगितलं की त्यांनी पुष्कळ वेढे पाहिलेत, पण किल्लेदार इतक्या मनापासून घाबरलेला कुठेही पाहिला नाही. अध्यक्षांनी त्याला मिठी मारली आणि चंदेरी रंग लावून घेतला.

एवारिश्तो आईपुढे येऊन उभा राहिला. लहानपणी प्रगतिपुस्तक घेऊन उभा राहायचा तसा.

“राखला, आई.”

“राखलास,” ती म्हणाली. “चारनंतर. चांगला राखलास. पण तीनला पडला होता.”

“ते वेळेचं होतं. ते... ते झालंच नाही.”

“मी उघडलं ना रे दार. मला माहीत आहे झालं ते.” तिने खुर्चीखालची पिशवी ओढली. वरून निळा गाऊन दिसत होता, चपला, आणि वडिलांचा फोटो. औषधं कुठेच नव्हती. “तुझ्या बापाने बावीस वर्षं किल्ला राखला. कोणी आत आलं नाही. मी दरवर्षी खिडकीतून बघायचे, माझी पोर पलीकडच्या लोकांत उभी असायची, आणि हा माणूस वरून ‘परत जा’ म्हणून ओरडायचा. मला नेहमी वाटायचं, एकदा तरी कोणीतरी दार उघडावं.”

दियोलिंदा मागे उभी होती. हातातली वाढायची पळी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

“मग माझं काय?” एवारिश्तोने विचारलं. हा प्रश्न त्याने कोणत्याही अर्जात कधी विचारला नव्हता.

“तू रविवारी ये. पूल काय बंद नाहीये.” आईने त्याच्या चिलखताची बाही खांद्यावर सारखी केली, ती लगेच पुन्हा घसरली. “येताना सावली बघून ये. घड्याळ बघू नकोस.”

मग तिने हातभर लांबीची किल्ली त्याच्या हातात दिली, जावईबापूंचा दंड धरला, आणि उतारावरून खाली गेली. जेफेरीनो बुरुजावरून गाडी पूल ओलांडेपर्यंत बघत राहिला आणि पहारेकऱ्याला शोभेल अशा आवाजात दर थोड्या वेळाने कळवत राहिला: “वळणावर आहेत... पुलावर आहेत... गेले.” किल्ला राहिला होता.

सोमवारी सकाळी एवारिश्तो वेळेवर कचेरीत गेला. त्याने आधी इतिवृत्त लिहिलं. मग किल्ली काचेच्या कपाटात ठेवल्याची पावती स्वतःला दिली. मग त्याने कोरा कागद घेतला, समास सोडला, आणि लिहिलं:

‘प्रति, वारसा जपणूक प्रांतिक कचेरी. विषय: पंधरा ऑगस्ट रोजीचा दुपारी तीन ते चार हा तास रद्द करण्याबाबत.

महोदय, आपल्या परवानगीपत्रानुसार मोंतारेलच्या किल्ल्याचा वेढा दुपारी चार वाजता सुरू होऊन सहा वाजता विजयाने संपला. तत्पूर्वीच्या एका तासात जे घडलं ते परवानगीत बसत नसल्याने घडलेलं नाही, असं पंचायतीचं मत आहे. सबब सदर तास अभिलेखातून काढून टाकण्यात यावा. नदीपलीकडे तो चार ते पाच असा आधीच वापरला गेला असल्यास त्यांच्याकडेच राहू द्यावा. आमची हरकत नाही.

मात्र सदर तासाच्या परिणामी स्थलांतरित झालेली एक व्यक्ती, स्त्री, वय ब्याऐंशी, सोबत एक पिशवी, ही मूळ जागी, म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीजवळील खुर्चीवर, पूर्ववत बसवण्यात यावी. खुर्ची हलवलेली नाही. आवश्यक वाटल्यास खुर्चीचा आराखडा, आतून व बाहेरून, सादर करण्यात येईल.

तरी विनंती मान्य व्हावी.’